‘इनफ’ कुठे बसवायचा? ‘पुरेसा’ सोडा, ‘इतका’ धरा

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, आणि त्यांचे ईमेल, अर्ज, अहवाल तपासून देते. या लिखाणात ‘इनफ’ दिसला की ते वाक्य मी दोनदा वाचते. शब्द सगळ्यांच्या ओळखीचा, अर्थही सगळ्यांना पाठ: पुरेसा. तरीही ‘द रूम इज इनफ बिग’ असं लिहिलं जातं, ‘पीपल डिड नॉट कम इनफ’ असं लिहिलं जातं, आणि शिफारसपत्रात कौतुक म्हणून ‘ही इज गुड इनफ’ असं लिहून त्या बिचाऱ्या उमेदवाराचं नुकसान केलं जातं. लिहिणारी माणसं हुशार असतात, अभ्यास करणारी असतात. अडचण एकच, ती सगळी ‘पुरेसा’ या शब्दावरून इंग्रजीत शिरतात. ‘पुरेसा’ मराठीत नेहमी पुढे उभा राहतो: पुरेसा वेळ, पुरेसा मोठा, पुरेसं झोपणे. ‘इनफ’ तसा वागत नाही. म्हणून शिकवताना मी ‘पुरेसा’ बाजूला ठेवायला सांगते आणि ‘इतका’पासून सुरुवात करते. त्याने खूप फरक पडतो, आणि तो कसा हेच मला इथे नीट सांगायचं आहे.

उच्चाराचं आधी उरकून घेऊ. ‘इ-नफ’, जोर ‘नफ’वर. शेवटच्या जी-एचचा उच्चार ‘फ’, जसा ‘रफ’, ‘टफ’, ‘कफ’, ‘लाफ’मध्ये होतो तसा. पूर्वी त्या जागी घशातून निघणारा, ‘ख’च्या जवळचा घासलेला आवाज होता. जर्मन ‘गेनूक’ आणि डच ‘खनूख’ हे याच शब्दाचे भाऊबंद, आणि डचमध्ये तो आवाज अजून ऐकू येतो. इंग्रजीत आवाज बदलला, अक्षरं मात्र तशीच राहिली.

इतका, आणि आरसा

बोलताना आपण ‘पुरेसा’ तसा कमीच म्हणतो. आपण म्हणतो, ‘ती आता गाडी चालवण्याइतकी मोठी झाली’, ‘पेटी एकट्याने उचलण्याइतकी हलकी आहे’, ‘हे मुलांना समजण्याइतकं सोपं आहे’. क्रियापदाला ‘-ण्याइतका’ जोडायचा आणि पुढे विशेषण ठेवायचं, ही आपली रोजची घडण. आता ही घडण आरशासमोर धरा. ‘चालवण्या – इतकी – मोठी’ याचं उलटं होतं ‘मोठी – इतकी – चालवायला’, आणि तेच इंग्रजी आहे: ‘ओल्ड – इनफ – टू ड्राइव्ह’. ‘शी इज ओल्ड इनफ टू ड्राइव्ह.’ पेटीचं वाक्य: ‘लाइट इनफ टू लिफ्ट’. समजण्याइतकं सोपं: ‘सिंपल इनफ टू अंडरस्टँड’. गाडी पकडण्याइतक्या लवकर: ‘अर्ली इनफ टू कॅच द ट्रेन’. शब्द तेच तीन, फक्त शेवटून सुरुवात करायची.

हे एकदा हाताशी आलं की ‘इनफ बिग’ लिहायची सवय आपोआप सुटते, कारण ‘इतका’ मधे असतो आणि मधेच राहतो. ‘व्हेरी’, ‘सो’, ‘टू’ (टी-ओ-ओ, ‘फार’ या अर्थाचा) हे सगळे विशेषणाच्या आधी येतात, ‘इनफ’ तेवढा नंतर येतो. नियम म्हणून पाठ केला तर घाईच्या वेळी विसरतो. उलटवायची सवय लावली की विसरायला काही उरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी, कारण मराठीत ‘इतका’ दोन कामं करतो. ‘तो इतका दमला की बसल्या जागी झोपला’ या वाक्यातला ‘इतका’ मोकळा उभा आहे आणि मागून ‘की’ येतो. तो ‘सो… दॅट’ आहे: ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही फेल अस्लीप इन हिज चेअर.’ ‘इतका’ क्रियापदाला चिकटलेला असेल तरच ‘इनफ टू’. अर्थही वेगळे आहेत. ‘सो… दॅट’मध्ये पुढची गोष्ट घडलेली असते, तो झोपलाच. ‘ओल्ड इनफ टू ड्राइव्ह’मध्ये ती चालवते की नाही हे सांगितलेलंच नाही, फक्त चालवू शकेल एवढं कळतं. भूतकाळात मात्र ‘इनफ टू’ पुष्कळदा घडलेलंच सांगतो: ‘आय वॉज लकी इनफ टू मीट हर’ म्हणजे भेट झाली, आणि ‘ही वॉज फूलिश इनफ टू साइन’ म्हणजे सही करून बसला. ‘लाउड इनफ दॅट एव्हरीवन हर्ड’ अशी वाक्यंही भेटतील, विशेषतः अमेरिकन लिखाणात. ती चूक समजू नका, पण औपचारिक मजकुरात मी ‘लाउड इनफ फॉर एव्हरीवन टू हिअर’ असंच लिहायला सांगते.

नाम आलं की जागा बदलते

‘घर घेण्याइतके पैसे’ हे आरशात पूर्ण उलटलं तर ‘मनी इनफ टू बाय अ हाउस’ मिळतं. जुन्या इंग्रजी लिखाणात अशी वाक्यं सापडतात, आणि ‘टाइम इनफ’ आजही कधीमधी कानावर पडतं. पण आज सरळ इंग्रजीत नामाच्या आधी ‘इनफ’: ‘इनफ मनी टू बाय अ हाउस’, ‘इनफ चेअर्स फॉर एव्हरीवन’, ‘इनफ टाइम टू थिंक’. नामाबरोबर तो ‘सम’, ‘मच’, ‘मेनी’ यांच्या रांगेतला शब्द होतो, किती ते सांगणारा, आणि ते सगळे नामाआधीच येतात. मोजता येणारं असो वा न येणारं, ‘इनफ’ दोन्हींना चालतो, त्यामुळे ‘मच’ की ‘मेनी’ असा प्रश्नही पडत नाही.

क्रियापदाबरोबर आणि क्रियाविशेषणाबरोबर तो मागे जातो: ‘यू डोंट स्लीप इनफ’, ‘आय हॅव वेटेड लाँग इनफ’.

म्हणजे वाक्य लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. कमी पडतंय ते काय, वस्तू की गुण? वस्तू कमी तर ‘इनफ’ पुढे, म्हणजे नामाआधी; गुण कमी तर ‘इनफ’ मागे, म्हणजे विशेषणानंतर. हे किती महत्त्वाचं आहे ते एका जोडीवरून दिसतं, आणि ही जोडी मी कोणालाही न चुकता दाखवते.

समजा तुम्ही घर बदलताय, पुस्तकं भरायची आहेत, आणि सामान हलवणाऱ्यांना निरोप पाठवायचा आहे. ‘वी डोंट हॅव इनफ बिग बॉक्सेस’ असं लिहिलंत तर वाचणारा समजेल की मोठी खोकी आहेत, पण संख्येने कमी आहेत. तो अजून दोन-चार तशीच खोकी घेऊन येईल. ‘वी डोंट हॅव बिग इनफ बॉक्सेस’ असं लिहिलंत तर तो समजेल की खोकी आहेत, पण पुस्तकं मावतील एवढी मोठी नाहीत. तो मोठ्या मापाची आणेल. एका शब्दाची जागा हलली आणि दारात वेगळं सामान आलं. म्हणूनच ‘इनफ बिग’ला मी नुसती व्याकरणाची चूक म्हणत नाही. अनेकवचनी नामाच्या आधी ते अगदी शुद्ध इंग्रजी आहे, फक्त तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यात नाही.

एकवचनात हा घोळ होत नाही. ‘अ बिग इनफ बॉक्स’ बरोबर, आणि ‘इनफ बिग बॉक्स’ कुठल्याच अर्थाने चालत नाही. मागे ‘टू’ किंवा ‘फॉर’ येणार असेल तर विशेषण नामानंतर न्या, वाक्य मोकळं होतं: ‘अ बॉक्स बिग इनफ फॉर ऑल दीज बुक्स’.

आणखी एक प्रकार वाचनात भेटतो: ‘ही वॉज फूल इनफ टू बिलीव्ह इट.’ इथे ‘फूल’ हे नाम, पण ते ‘मूर्ख’ या गुणासारखं वापरलंय, म्हणून ‘इनफ’ मागे आणि ‘अ’ गळालेला. ओळखता आलं की पुरे, स्वतः वापरायची घाई नको.

नकार कुठे ठेवायचा

माझ्या अनुभवात इथे सगळ्यात जास्त गडबड होते. मराठी नकार क्रियापदाजवळ ठेवते: ‘लोक पुरेसे आले नाहीत’. तसंच्या तसं उतरवलं की ‘पीपल डिड नॉट कम इनफ’ होतं, आणि त्याचा अर्थ ‘लोक पुरेशा वेळा आले नाहीत’ असा लागतो. ‘इनफ’ पुढे नेऊन ‘इनफ पीपल डिडन्ट कम’ लिहिलं तर अर्थ जवळजवळ उलटा होऊ शकतो: न आलेल्यांचीच संख्या पुरेशी होती. इंग्रजीत नकार थेट ‘इनफ’ला लावायचा: ‘नॉट इनफ पीपल केम.’ वाक्याच्या सुरुवातीला ‘नॉट’ ठेवायला मराठी मन कचरतं, पण ठेवा. ‘नॉट इनफ मेंबर्स वेअर प्रेझेंट.’ ‘नॉट इनफ वर्क हॅज बीन डन.’ सभेच्या इतिवृत्तात अशी वाक्यं सारखी लागतात.

वस्तू कर्माच्या जागी असेल तर सोपं आहे, कारण नकार नेहमीच्या जागी चालतो: ‘वी डोंट हॅव इनफ चेअर्स’, ‘देअर आरन्ट इनफ चेअर्स’.

नकारासोबत ‘फार’ या अर्थाच्या ‘टू’चा विचारही करायला हवा. ‘द रोप इज टू शॉर्ट’ आणि ‘द रोप इजन्ट लाँग इनफ’ यांचा अर्थ एकच. ‘टू’ पुढे, ‘इनफ’ मागे, आणि विशेषण उलट. निवड करायची ती सुराची. ‘टू’ दोषावर बोट ठेवतो. ‘नॉट… इनफ’ सांगतो की अजून थोडं हवं. एखाद्या उमेदवाराला नकार कळवताना ‘यू आर टू इनएक्स्पीरियन्स्ड’ असं लिहू नका, ‘यू डोंट हॅव इनफ एक्स्पीरियन्स यट’ असं लिहा. त्या ‘यट’ने पुढचं दार उघडं राहतं. माणसाच्या हातात पडणारं पत्र आहे, इतकी काळजी घ्यायलाच हवी.

सुटून जाणाऱ्या काही गोष्टी

‘द बॅग इज लाइट इनफ टू कॅरी इट.’ शेवटचा ‘इट’ काढा. बॅग वाक्याच्या सुरुवातीलाच आहे, तीच उचलायची आहे, तिचा पुन्हा उल्लेख नको. ‘लाइट इनफ टू कॅरी’, ‘इनफ’ झालं की क्रियापद, आणि थांबायचं. कोण उचलणार हे सांगायचं असेल तर मधे ‘फॉर’: ‘लाइट इनफ फॉर अ चाइल्ड टू कॅरी’.

‘इनफ ऑफ पीपल’ असं लिहू नका. ‘ऑफ’ तेव्हाच, जेव्हा पुढे ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असं काही किंवा सर्वनाम असेल: ‘इनफ ऑफ द मनी’, ‘इनफ ऑफ अस’. ‘इनफ ऑफ धिस!’ म्हणजे ‘हे आता पुरे!’

‘व्हेरी इनफ’ होत नाही. जोर द्यायचा तर ‘मोअर दॅन इनफ’, ‘क्वाइट इनफ’. जेमतेम असेल तर ‘जस्ट इनफ’, ‘बेअर्ली इनफ’. खूपच कमी असेल तर ‘नॉट निअर्ली इनफ’. हे सगळे ‘इनफ’च्या आधी येतात.

क्रियापद नामाकडे बघून ठरवायचं: ‘इनफ वॉटर इज’, ‘इनफ पीपल आर’. ‘इनफ’ एकटाच कर्ता असेल तर सहसा एकवचन: ‘इनफ हॅज बीन सेड.’

‘पुरणे’चं इंग्रजी दर वेळी ‘इनफ’ नसतं

आपलं ‘पुरणे’ हे क्रियापद फार कामाचं आहे आणि इंग्रजीत त्याला एकच जोडीदार नाही. मला हा भाग शिकवायला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपली भाषा किती ठिकाणी हात पोचवते ते दिसतं. ‘पैसे महिनाभर पुरले’: इथे काळ आहे, म्हणून ‘द मनी लास्टेड द होल मंथ’. ‘माझा हात तिथवर पुरत नाही’: इथे अंतर आहे, म्हणून ‘आय कान्ट रीच इट’. ‘सगळ्यांना पुरेल’: ‘देअर इज इनफ टू गो राउंड’. ‘वेळच पुरत नाही’: ‘देअर इज नेव्हर इनफ टाइम’. ‘पुरून उरेल’ वस्तूबद्दल असेल तर ‘मोअर दॅन इनफ’. माणसाबद्दल असेल, म्हणजे ‘तो त्या सगळ्यांना पुरून उरला’, तर ‘ही वॉज मोअर दॅन अ मॅच फॉर देम’. इथे ‘इनफ’ घातला तर वाक्य कोणालाच कळणार नाही.

‘-पुरता’चंही तसंच. ‘मला कामापुरतं इंग्रजी येतं’ हे बहुतेक जण ‘आय नो वर्क इंग्लिश’ असं काहीतरी सांगतात. ‘आय नो इनफ इंग्लिश टू गेट बाय’ म्हणा, अर्थ तंतोतंत येतो. ‘नावापुरता अध्यक्ष’ मात्र ‘चेअरमन इन नेम ओन्ली’.

आणि ‘पुरे’. आपल्याकडे ‘पुरे’, ‘बास’ प्रेमानेही म्हणतात, दटावूनही म्हणतात. इंग्रजीत नुसतं ‘इनफ!’ म्हणजे दटावणीच. कोणी काही वाढत असेल, ओतत असेल, मोजून देत असेल तर ‘दॅट्स प्लेंटी, थँक यू’ किंवा ‘दॅट्स फाइन, थँक्स’ म्हणा. कामाच्या संदर्भात ‘एवढं पुरे, चालेल’ असं म्हणायचं असेल तर ‘दॅट विल डू’. परदेशी सहकाऱ्याने समजावून सांगताना मधेच ‘इनफ, इनफ’ म्हटलंत तर त्याला वाटेल तुम्ही वैतागलात.

‘गुड इनफ’ने काय होतं

आता सुरुवातीच्या शिफारसपत्राकडे येते. ‘इनफ’ विशेषणाला लागला की दोन गोष्टी होऊ शकतात. पुढे ‘टू’ किंवा ‘फॉर’ असेल तर तो माप सांगतो: ‘गुड इनफ टू प्ले फॉर एनी टीम’ हे मोठं कौतुक आहे, कारण माप मोठं आहे. पुढे काहीच नसेल तर तोच शब्द विशेषणाची धार काढून टाकतो. ‘शी इज नाइस इनफ’ म्हणजे ‘तशी बरी आहे’, आणि ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघायला लागतो. ‘हिज वर्क इज गुड इनफ’ म्हणजे ‘चालण्यासारखं आहे’. ‘अ प्लेझंट इनफ प्लेस’ म्हणजे जागा वाईट नाही, पण मुद्दाम जावं अशीही नाही. मराठीत ‘बरा आहे’ हे वाक्य सुरानुसार जसं बदलतं, तसंच हे.

त्यामुळे ज्याचं मनापासून कौतुक करायचंय त्याच्याबद्दल मोकळं ‘गुड इनफ’ कधीच लिहू नका. ‘व्हेरी गुड’, ‘एक्सलंट’ लिहा, किंवा माप जोडा: ‘शी इज स्किल्ड इनफ टू लीड द टीम ऑन हर ओन.’ माप जोडलेलं वाक्य नुसत्या ‘एक्सलंट’पेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं, कारण वाचणाऱ्याला काहीतरी ठोस कळतं.

‘गुड इनफ’ला चांगल्या अर्थाने मान मिळाल्याचंही एक उदाहरण आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली ‘गुड इनफ मदर’ ही कल्पना मांडली. बाळाची प्रत्येक गरज आयुष्यभर तत्काळ भागवणारी परिपूर्ण आई त्यांना अभिप्रेत नव्हती. सुरुवातीला जवळजवळ पूर्ण जुळवून घेणारी आणि मग बाळाला झेपेल तसतसं हळूहळू मागे सरकणारी आई त्यांना पुरेशी चांगली वाटत होती. तिथे ‘इनफ’ कौतुक कमी करत नाही, कारण कशासाठी पुरेशी हे ठरलेलं आहे: मूल वाढायला. संदर्भ माहीत असेल तर हा शब्दप्रयोग सुंदर आहे, पण नोकरीच्या पत्रात तो संदर्भ कोणी लावत नाही.

जिथे ‘पुरेसा’ शोधूच नये

‘ऑडली इनफ’, ‘स्ट्रेंजली इनफ’, ‘फनिली इनफ’ यांत पुरेसं असं काहीच नाही. वाक्याच्या तोंडी येऊन ते ‘नवल म्हणजे’, ‘गंमत म्हणजे’ एवढंच काम करतात. नंतर स्वल्पविराम द्या. ‘शुअर इनफ’ म्हणजे ‘आणि झालंही तसंच’: ‘शी सेड इट वुड रेन, अँड शुअर इनफ, इट डिड.’ ‘फेअर इनफ’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं पटलं, किंवा पटलं नसलं तरी मान्य आहे, वाद नको. बोलताना हे फार उपयोगी पडतं, वरिष्ठांना लिहिताना मात्र ‘आय अंडरस्टँड’ बरं. ‘इनफ इज इनफ’ म्हणजे सहन करायची हद्द झाली. ‘आय हॅव हॅड इनफ’ हे नुसतं बोललं तर वैताग, आणि मागे ‘ऑफ’ लावलं की कशाचा वैताग तेही कळतं.

‘वुड यू बी काइंड इनफ टू सेंड मी द फॉर्म?’ ही विनंती आहे, पण जरा ताठ. अनोळखी व्यक्तीला, औपचारिक पत्रात शोभते. रोजच्या सहकाऱ्याला अशी विनंती केली तर त्याला त्यात राग दिसू शकतो, तिथे ‘कुड यू सेंड’ पुरे. भूतकाळात मात्र हेच रूप छान कृतज्ञता सांगतं: ‘शी वॉज काइंड इनफ टू रीड माय ड्राफ्ट.’

आणि ‘आय कान्ट थँक यू इनफ’. शब्दशः बघितलं तर ‘मी तुमचे पुरेसे आभार मानू शकत नाही’, आणि ते वाचून काही जण बिचकतात, आभार मानायला नकार दिल्यासारखं वाटतं म्हणून. आपल्या ‘आभार मानावेत तेवढे थोडेच’ची आठवण ठेवा, तेच हे वाक्य. निःशंक वापरा.

सफिशियंट, ॲडिक्वेट, ॲम्पल, सफाइस

‘इनफ’चेच औपचारिक नातेवाईक. ‘सफिशियंट’ कार्यालयीन, कायद्याच्या आणि यंत्राच्या भाषेत राहतो. पैसे काढताना पडद्यावर येणारं ‘इनसफिशियंट बॅलन्स’ आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. गणितात आवश्यक आणि पुरेशी अट म्हणजे ‘नेसेसरी अँड सफिशियंट कंडिशन’, आणि तिथे ‘इनफ’ कोणी लिहीत नाही. ‘सफिशियंट’चं क्रियाविशेषण ‘सफिशियंटली’ विशेषणाच्या आधी येतं, म्हणजे मराठी मनाला हवं अगदी तिथे: ‘सफिशियंटली लार्ज’, पुरेसा मोठा. अहवाल लिहिताना ‘इनफ’च्या जागेबद्दल शंका आली तर हा चांगला आधार आहे. बोलताना मात्र तो जड वाटतो. दोन्ही एकत्र करून ‘सफिशियंट इनफ’ लिहू नका, एकच अर्थ दोनदा येतो.

‘ॲडिक्वेट’ दर्जाबद्दल जास्त बोलतो, आणि त्यातही ‘गुड इनफ’सारखीच थंड बाजू आहे. कोणाच्या कामाच्या मूल्यमापनात ‘ॲडिक्वेट’ वाचून कोणी खूश होत नाही. ‘ॲम्पल’ म्हणजे भरपूर, पुरून उरेल असं: ‘ॲम्पल टाइम’.

‘सफाइस’ हे क्रियापद, मुळात लॅटिन, फ्रेंचमार्गे आलेलं. ‘धिस इज सफाइस’ ही चूक मी वारंवार पाहते. ते क्रियापद असल्यामुळे ‘इज’ नको: ‘धिस विल सफाइस’, ‘वन कॉपी विल सफाइस’. ‘सफाइस इट टू से’ म्हणजे ‘एवढंच सांगते की’. तो ‘इट’ गाळून ‘सफाइस टू से’ म्हणणारेही बरेच आहेत, पण लिहिताना ‘इट’ ठेवावा असं माझं मत आहे. ‘सॅटिस्फाय’ आणि ‘सफाइस’ जोडून १९५६ साली हर्बर्ट सायमन यांनी ‘सॅटिस्फाइस’ हा शब्द वापरात आणला, सगळ्यात उत्तम पर्याय शोधत न बसता ठरवलेल्या मापात बसणारा पहिला पर्याय घेणे या अर्थाने. १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या या माणसाचा हा शब्द निर्णयशास्त्र वाचणाऱ्यांना भेटतोच, तेव्हा त्याला छापण्यातली चूक समजू नका.

हाताला वळण लावण्यासाठी

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा, मग माझी वाचा.

‘अर्ज पुरेसे आले नाहीत.’ नकार ‘इनफ’ला लावायचा: ‘नॉट इनफ ॲप्लिकेशन्स केम इन.’

‘ही दोरी वरपर्यंत पुरत नाही.’ अंतर आहे: ‘धिस रोप डजन्ट रीच द टॉप.’ ‘इजन्ट लाँग इनफ टू रीच द टॉप’ हेही बरोबर, फक्त लांबलं.

‘प्रश्न तसा सोपा होता, पण वेळ पुरला नाही.’ पहिल्या भागात तो ‘तसा’ आहे ना, तिथे मोकळा ‘इनफ’ बसतो, आणि दुसऱ्या भागात तो लागतच नाही: ‘द क्वेश्चन वॉज ईझी इनफ, बट आय रॅन आउट ऑफ टाइम.’

आता एक जोडी. ‘तो खरं बोलण्याइतका धीट नाही’ आणि ‘त्याच्यात खरं बोलण्याइतकं धैर्य नाही’. मराठीत दोन्हींची घडण सारखीच आहे, पण धीट हा गुण, धैर्य हे नाम. म्हणून पहिल्यात ‘इनफ’ मागे जातो: ‘ही इज नॉट ब्रेव्ह इनफ टू टेल द ट्रूथ.’ आणि दुसऱ्यात पुढे येतो: ‘ही डज नॉट हॅव इनफ करेज टू टेल द ट्रूथ.’ ही दोन वाक्यं न अडखळता लागोपाठ म्हणता आली की पुढच्या ईमेलमध्ये ‘इनफ’ कुठे ठेवायचा हे थांबून बघावं लागणार नाही.